तिलिस्माचे दार

अल खारीद नावाच्या शहराच्या वेशीवर दोन पहारेकरी उभे असत. आत जायचे तर दहा नाणी मोजावी लागत. पहिल्यांदा तिथे पोहोचलो तेव्हा माझ्याजवळ सहा नाणी होती. मी मागे फिरलो, लंब्रिजच्या कुरणात जाऊन गायी मारल्या, त्यांची कातडी गोळा केली, कोंबड्यांची पिसे वेचली आणि ती विकून पुन्हा वेशीवर आलो. हे शहर जगाच्या नकाशावर कुठेच नाही. ते 'रूनस्केप' नावाच्या एका ऑनलाइन खेळात आहे. मी तिथे गेलो तो कुंडलच्या एका नेट कॅफेतून, २००५ सालच्या मे महिन्यात, दहावीच्या निकालाची वाट पाहत असताना.

आज मी शिक्षक आहे. उर्दू माध्यमाच्या वर्गात इतिहास शिकवतो. मोबाइलवरच्या खेळांमुळे मुले बिघडली, अशी तक्रार करणारे पालक मला रोज भेटतात. मीही मान डोलावतो, कारण त्या तक्रारीत तथ्य आहे. पण मान डोलावताना मनात कुठेतरी चोरटेपणा असतो. मीही त्याच वाटेने गेलेला माणूस आहे. त्या वाटेने जाताना मला जे सापडले आणि जे मी हातचे घालवले, त्याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गावात तार कशी आली

कुंडल हे सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातले गाव. पूर्वी ते औंध संस्थानात होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांकडून मिळालेल्या माळावर कारखाना आणला, ती किर्लोस्करवाडी इथून अगदी जवळ. तिथल्या रेल्वे स्टेशनचे जुने नावच मुळी 'कुंडल रोड' होते. यंत्र, ऊस, कुस्ती आणि स्वातंत्र्यलढा या चार गोष्टींनी गावाचा स्वभाव घडवला. पाचवी गोष्ट टेलिफोनच्या तारेतून आली.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आमच्या शेजारच्या वारणा खोऱ्यात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' हा सरकारी प्रकल्प आला आणि सत्तर गावांत ऊस व दूध उत्पादकांसाठी कॉम्प्युटर बसले. उसाच्या नोंदीसाठी कॉम्प्युटर, ही कल्पना आमच्या भागातल्या माणसांना लवकर पटली. त्या कॉम्प्युटरमधून राक्षस मारायला जाता येते हे मात्र पोरांनी शोधून काढले.

आमच्या नेट कॅफेत तीन कॉम्प्युटर होते. तासाला वीस रुपये. मालक निम्म्या तासाचे दहा घ्यायचा, पण पाच मिनिटे जास्त झाली की पूर्ण तास लावायचा. ज्यांच्याकडे पैसे नसत ते खेळणाऱ्याच्या मागे उभे राहून सल्ले देत. एका खुर्चीमागे चार-पाच जण असा तो कारभार. आणि त्यात ते दिवस भारनियमनाचे. २००५ साली महाराष्ट्रात विजेचा असा तुटवडा होता की खेड्यांत वीज कधी येते यापेक्षा कधी जाते हेच वेळापत्रक पाठ असे.

रूनस्केपच आमच्यापर्यंत का पोहोचला, यालाही कारण आहे. त्या काळात अशा खेळांची मोठी नावे वेगळी होती. 'अल्टिमा ऑनलाइन' १९९७ साली आला, 'एव्हरक्वेस्ट' १९९९ साली, आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये. पण त्यांना सीडी विकत घ्यावी लागे, ताकदीचा कॉम्प्युटर लागे आणि महिन्याचे पैसे भरावे लागत. रूनस्केप हा अँड्र्यू गॉवर या इंग्रज तरुणाने पॉल या आपल्या भावाच्या साथीने बनवलेला खेळ. जानेवारी २००१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याचा कारभार नॉटिंगहॅममधल्या त्यांच्या आईवडिलांच्या घरातून चाले. तो ब्राउझरमध्येच उघडे, सीडी लागत नसे, जुन्या कॉम्प्युटरवर आणि रडतखडत चालणाऱ्या फोनलाइनवरही निभावून जाई. शिवाय त्याचा बराच भाग फुकट होता. गरिबाच्या घरी येणारा पाहुणा गरिबाची भाकर खाणारा हवा. तो तसा होता.

फुकट भागाच्या पलीकडे मात्र एक बंद दरवाजा होता. फॅलाडोर शहराच्या पश्चिमेच्या त्या फाटकापलीकडे फक्त पैसे भरणाऱ्यांना प्रवेश. महिन्याला पाच डॉलर आणि तेही क्रेडिट कार्डावर. आमच्यात कोणाच्या घरात क्रेडिट कार्ड होते? आम्ही त्या फाटकाशी उभे राहून पलीकडची झाडे पाहत असू. कुठल्याही दुनियेत गेलो तरी काही फाटके आपल्यासाठी नसतात, हे तिथेही शिकायला मिळाले.

नावाची गोष्ट

खेळात शिरताना नाव घ्यावे लागे. मी 'हमजा' लिहिले. ते नाव आधीच कोणीतरी घेतलेले होते. मग पुढे आकडे जोडले, तेही गेलेले. आणखी आकडे जोडले तेव्हा जमले. माझ्या आधी कितीतरी हमजा त्या दुनियेत जाऊन पोहोचले होते, याची त्या वेळी फक्त चीड आली. त्यात किती मोठी गोष्ट दडली आहे हे पुढे कळले.

त्या दुनियेत सगळेच शून्यापासून सुरुवात करीत. हातात ब्राँझची कुऱ्हाड आणि एक लहान जाळे. झाड तोडायचे, चूल पेटवायची, झिंगे पकडायचे, भाजायचे. पहिले दहा तरी करपायचेच. खाणीतून तांबे आणि कथील काढायचे, भट्टीत वितळवायचे, त्याचे ब्राँझ करायचे, ऐरणीवर तलवार ठोकायची. किर्लोस्करवाडीच्या सावलीत वाढलेल्या पोरांना हे फार आवडे. माझ्या मित्राचे वडील फौंड्रीत होते. तो म्हणायचा, "अब्बा पगारावर करतात ते आपण तासाला वीस रुपये देऊन करतोय."

फसवणूकही तिथेच पहिल्यांदा भेटली. एका भल्या माणसाने सांगितले, तुझे चिलखत माझ्याकडे दे, फुकटात सोनेरी किनार लावून देतो. मी दिले. तो गेला. दोन आठवड्यांची कमाई होती ती. मागे उभे असलेले चौघे पोट धरून हसले, आणि मग त्यांनीच आपापल्या पिशवीतून एकेक वस्तू देऊन मला पुन्हा उभे केले. त्या पिशवीत फक्त अठ्ठावीस वस्तू मावत. वीज गेली की याहून वाईट. लढाईच्या ऐन मध्यात कॉम्प्युटर बंद पडला तरी तुमचा माणूस काही क्षण तिथेच उभा राही आणि राक्षस त्याला मारत राही. मेल्यावर सर्वांत मौल्यवान तीन वस्तू तुमच्या राहत, बाकीच्या जमिनीवर पडत आणि थोड्या वेळाने त्या कोणीही उचलाव्यात. भारनियमनाने शेतकऱ्याचे पीक गेले, तसे आमचे चिलखत गेले. दोन्हींची भरपाई मिळाली नाही.

पण त्या दुनियेची एक गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. तिथे माझे नाव ऐकून कोणी एक क्षण थांबले नाही. बाहेर आपल्या नावाआधी आपली ओळख पोहोचते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलते, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. २००५ साली, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, गुजरातच्या दंगलीला तीन वर्षे झाली असताना, ते हलणे मला ओळखता येऊ लागले होते. खेळात मात्र फिनलंडचा एक मुलगा मला मासे द्यायचा, कारण माझे मासे करपत. एवढेच कारण. पुढे २०११ साली केंद्र सरकारने सायबर कॅफेसाठी नियमच केले. ओळखपत्र दाखवा, वहीत नाव लिहा, मग बसा. तो नियम सर्वांसाठी होता. तरी त्या वहीत आपले पूर्ण नाव लिहिताना हात जड होणारे माझ्यासारखे किती होते, हे मी जाणतो.

राजपुत्र अलीची सुटका

अल खारीदचा राजपुत्र अली याला शत्रूंनी पळवून नेऊन कोठडीत डांबलेले असते. वजीर हसन आपल्याला हेरांचा प्रमुख उस्मान याच्याकडे पाठवतो. उस्मानची मुलगी लीला बेत सांगते. सैन्य पाठवायचे नाही, युक्ती करायची. लोकरीचा टोप करून तो कांद्याच्या रंगात पिवळा रंगवायचा. राख, पीठ, पाणी आणि तांबडी बोरे कालवून चेहऱ्याला लावायचा लेप करायचा. एक गुलाबी घागरा मिळवायचा. कैद करणाऱ्या बाईला बोलण्यात गुंतवून तिच्या किल्लीचा ठसा मऊ मातीवर उमटवायचा आणि त्यावरून नवी किल्ली पाडून घ्यायची. पहारेकऱ्याला मद्य पाजायचे. बाईला दोरीने बांधायचे आणि राजपुत्राला बाईच्या वेषात बाहेर काढायचे.

हे सारे आम्हाला सहजासहजी जमले नाही. माझ्याकडे एक जाड वही होती. उजवीकडून उघडली की माझ्या उर्दू अक्षरात पायऱ्या लिहिलेल्या, डावीकडून उघडली की मराठीत माझ्या मित्राने केलेले नकाशे. कामगिरी पार पडली त्या दिवशी बक्षीस म्हणून सातशे नाणी मिळाली आणि अल खारीदची वेस मला कायमची मोफत झाली. ज्या पहारेकऱ्यांनी मला परत पाठवले होते त्यांनीच वाट सोडली. मी तरंगत घरी आलो आणि हा सगळा पराक्रम दादीला ऐकवला.

दादी तांदूळ निवडत होती. टोप, लेप, घागरा, पहारेकऱ्याला पाजणे, सगळे तिने शांतपणे ऐकले आणि सूप बाजूला ठेवून म्हणाली, "अरे, ये तो अमर अय्यार का काम हाय! तेरेकू कौन बोल्या ये गोष्ट?"

त्या रात्री वीज नव्हती. अंगणात बसून दादीने मला अमर अय्यार सांगितला. अमीर हमजाच्याच दिवशी जन्मलेला, त्याचा जिवाचा सोबती. कंजूष इतका की एकेक नाणे मोजून घेणार. वाऱ्यासारखा धावणारा, गळा असा गोड की शत्रूही डोलावा, वेष असा पालटणारा की सख्ख्या आईने ओळखू नये. त्याच्याजवळ जंबील नावाची झोळी. त्या झोळीत काहीही टाका, शहरेच्या शहरे मावत. अंगावर गिलीम नावाची चादर घेतली की तो दिसेनासा होई. मी मनात म्हटले, आमच्या पिशवीत तर अठ्ठावीसच वस्तू मावतात.

दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिला ही गोष्ट तिच्या वडिलांकडून मिळालेली. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात मिळणाऱ्या स्वस्त उर्दू पुस्तिका ते आणायचे आणि पावसाळ्याच्या रात्री कंदिलाशी बसून मोठ्याने वाचायचे. पुस्तिका फाटल्या, गोष्टी दादीत राहिल्या.

खेळातली एक अडचणही मी तिला विचारली. त्यात चर्चची वेदी होती, तिथे क्लिक केले की प्रार्थनेची शक्ती वाढे. प्राण्यांची हाडे पुरली तरी त्या कौशल्याचे गुण मिळत. हाडे मी बिनधास्त पुरत असे, मातीआड करणे तर सवाबच. पण वेदीला हात लावायला मन धजेना. दादी हसली. म्हणाली, हमजाच्या गोष्टीत जमशेद आणि सामरीला भजणारे जादूगार पानोपानी येतात, ऐकणाऱ्याचा इमान जातो का? तरी मी शेवटपर्यंत त्या वेदीला हात लावला नाही. इतर पोरांची प्रार्थना माझ्यापुढे गेली, पण त्याचे मला वाईट वाटले नाही.

दास्तानीचा इतिहास

पुढे बी.एड.साठी आणि वर्गात शिकवण्यासाठी वाचन करताना दादीच्या गोष्टीचा माग काढला. हजरत हमजा (र.) हे पैगंबर साहेबांचे चुलते, उहुदच्या लढाईत शहीद झालेले. तो इतिहास आहे. 'दास्ताने अमीर हमजा' मधला हमजा मात्र कल्पनेतला वीर. इराणपासून हिंदुस्थानपर्यंत गोष्ट सांगणाऱ्यांनी शतकानुशतके त्याला मोठा केला. दोन्हींची गल्लत करू नये, पण दुसऱ्याला फेकूनही देऊ नये.

अकबर बादशहाला ही दास्तान इतकी प्रिय होती की १५६२ च्या सुमारास त्याने तिची चित्रे काढून घ्यायला सुरुवात केली. मीर सय्यद अली आणि मग अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा वर्षे काम चालले आणि कापडावरची मोठमोठी चौदाशे चित्रे तयार झाली. आज त्यातली दोनशेच्या आसपासच उरली आहेत, तीही व्हिएन्ना, लंडन अशी जगभर विखुरलेली. लंडनच्या संग्रहालयातल्या काही चित्रांची हकीकत तर चटका लावणारी आहे. १८८१ साली ती काश्मीरमध्ये सापडली तेव्हा थंडी अडवण्यासाठी खिडक्यांना लावलेली होती.

उर्दूत ही दास्तान १८०१ साली खलील अली खान अश्क यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी लिहिली. खरा महापूर आला लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून. १८८३ पासून 'तिलिस्मे होशरुबा' चे खंड निघू लागले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. दास्तानीचे एकूण सेहेचाळीस जाडजूड खंड झाले. एका हिंदू प्रकाशकाने मुस्लिम दास्तानगोंकडून लिहवून घेतलेला हा खजिना दोन्ही समाजांनी वाचला. देवकीनंदन खत्रींनी हिंदीत 'चंद्रकांता' लिहिली तीही अय्यारांची आणि तिलिस्माचीच. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका लागे तेव्हा माझ्या पिढीतली मराठी पोरेही गल्लीत अय्यार होऊन हिंडली आहेत.

तिलिस्म म्हणजे काय? जादूगाराने आपल्या बुद्धीने रचलेली दुनिया. तिचे नियम बाहेरच्या दुनियेसारखे नसतात. आत शिरलेला माणूस भुलतो, अडकतो. ती मोडण्याची युक्ती एका पाटीवर लिहिलेली असते, तिला 'लौह' म्हणतात. जो ती मिळवील तो 'तिलिस्मकुशा', तिलिस्म उघडणारा. आता हे वर्णन कोणत्याही ऑनलाइन खेळाला लावून पाहा. आमची ती दोन्ही बाजूंनी लिहिलेली वही म्हणजे आमची लौहच होती.

इंग्रजी खेळ आपल्या दास्तानीवरून बनले असे मी म्हणत नाही. त्यांची वंशावळ वेगळी आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ काढला. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे तिच्यातली पात्रे होणार. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी तशीच दुनिया कॉम्प्युटरवर नुसत्या शब्दांत उभी केली आणि अनेकांना एकाच वेळी तिच्यात शिरता येऊ लागले. त्याच वाटेने रूनस्केप आला. पण गोष्ट ऐकता ऐकता तिच्यात शिरावे, नाव पालटून दुसरेच कोणी व्हावे, ही माणसाची भूक एकच आहे. म्हणूनच त्या दुनियेत माझ्या आधी इतके हमजा पोहोचले होते. एकदा मला तिथे कराचीचा एक मुलगा भेटला. खेळात ना उर्दू लिहिता येई, ना देवनागरी. आम्ही रोमन अक्षरांत बोललो. राजपुत्र अलीची गोष्ट निघाली तेव्हा त्याने लिहिले की हे तर 'उमरो अय्यार' चे काम. त्यांच्याकडे मुलांच्या पुस्तकांत अमरला उमरो म्हणतात. कुंडलची माझी दादी आणि कराचीचा तो पोरगा एकच वाक्य बोलले, आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते.

गावातले खरे अय्यार

दादीच्या गोष्टींना आणखी एक पदर होता. हमजा सांगता सांगता ती मध्येच 'तुफान' वर येई. १९४३ साली ती आठ-नऊ वर्षांची होती. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक मुख्य ठाणे. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. १९४२ पासून १९४६ पर्यंत नाना पोलिसांच्या हाती लागले नाहीत. जी. डी. बापू लाड कुंडलचेच. तुफान सेना इथे उभी राहिली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून पगार घेऊन जाणारी रेल्वे अडवली गेली, आणि ती मागे पळू नये म्हणून मागेही दगड रचले गेले. त्या हल्ल्यात कॅप्टन रामचंद्र लाड होते. गाव त्यांना 'भाऊ' म्हणे. भूमिगतांना द्यायच्या भाकरी फडक्यात बांधून आपण शेतात नेल्याचे दादी सांगे. कोणाला दिल्या ते तिला माहीत नव्हते, कारण नाव विचारायचे नाही असे तिच्या आईने बजावले होते.

आता माझ्या मूर्खपणाचा हिशेब पाहा. २००५ साली मी तासाला वीस रुपये मोजून एका इंग्रजाने रचलेल्या दुनियेत राजपुत्र अलीला सोडवत होतो. त्याच वेळी खऱ्या इंग्रजांची गाडी अडवणारा कॅप्टन माझ्याच गावात चालत-फिरत होता. मी त्यांना कितीदा पाहिले, सलाम केला, आणि नेट कॅफेच्या दिशेने निघून गेलो. त्यांच्यासमोर बसून एक प्रश्नही विचारला नाही. बापू २०११ साली गेले. भाऊ शंभरीच्या उंबरठ्यावर असताना २०२२ साली गेले. पत्रकार पी. साईनाथ यांनी भाऊंना गाठून त्यांची हकीकत नोंदवली आणि २०२२ साली आलेल्या 'द लास्ट हीरोज' या पुस्तकात ती छापली म्हणून जगाला कळले. मी त्यांच्या गावचा इतिहासाचा शिक्षक, मला ते पुस्तकातून वाचावे लागले.

हरवलेली दुनिया परत येते का

खेळाच्या कंपनीने हळूहळू रूनस्केप बदलला. डिसेंबर २००७ मध्ये एका मोठ्या प्रदेशातली खेळाडूंची आपसांतली लढाई बंद केली, पाठोपाठ देवाणघेवाणीवर बंधने आली. पुढे चित्रे बदलली, लढण्याची रीत बदलली. जुने खेळाडू हळहळत राहिले. मग २०१३ साली एक नवल घडले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधल्या खेळाची एक जपून ठेवलेली प्रत सापडली. ती पुन्हा सुरू करावी का, असे खेळाडूंना विचारले गेले. साडेचार लाखांच्या आसपास मते पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ रोजी 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू झाला. याउलट त्याहून जुन्या मूळ रूनस्केपचे सर्व्हर ६ ऑगस्ट २०१८ रोजी बंद करण्यात आले. एक दुनिया वाचली, एक विझली. वाचलेली वाचली ती कोणीतरी प्रत ठेवली होती आणि पुष्कळांनी ती मागितली म्हणून.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना मी मोबाइलवर त्या जुन्या दुनियेत पुन्हा गेलो. सगळे जागच्या जागी होते. कुरणातल्या गायी, अल खारीदची वेस, दहा नाणी मागणारे पहारेकरी. माझा जुना हमजा मात्र नव्हता, पुन्हा शून्यापासून सुरुवात होती. राजपुत्र अलीला मी अर्ध्या तासात सोडवले, कारण आता प्रत्येक पायरी फोनवर आयती मिळते. सुटका झाली, वेस मोफत झाली. सांगायला मात्र घरात कोणी नव्हते. दादी २००९ साली वारली होती.

माझी खरी हळहळ इथे आहे. खेळाची ऑगस्ट २००७ ची प्रत होती. दादीची प्रत कोणाकडेच नाही. तिच्या अमर अय्यारात कुंडलची भाषा होती, मिरजेचा उरूस होता, आणि मध्येच तुफान सेनेची भाकर होती. तशी दास्तान लखनौच्या सेहेचाळीस खंडांत सापडणार नाही. मी शेजारच्या खोलीत बसून खेळाच्या पायऱ्या वहीत उतरवत होतो, आणि ती भिंतीपलीकडे होती.

ज्यांनी वेळीच हात घातला त्यांनी खूप काही वाचवले. शम्सुर्रहमान फारुकी यांनी ते सेहेचाळीस खंड जागोजागी हिंडून, जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एकेक करून जमवले आणि त्यांवर मोठा अभ्यासग्रंथ लिहिला. दिल्लीचे शेवटचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले तेव्हा ही कला संपली असे सगळे समजले होते. पण फारुकींच्या प्रोत्साहनाने त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी २००५ साली ती पुन्हा मंचावर आणली. ज्या मे महिन्यात मी अल खारीदच्या वेशीवर उभा होतो त्याच मे महिन्यात दिल्लीत दास्तानगोईचा पहिला नवा प्रयोग झाला. दोन तिलिस्मांची दारे एकाच वेळी उघडली होती, मला एकच दिसत होते.

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात मी अमर अय्यारची गोष्ट सांगितली. जंबीलचे वर्णन आले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, ये तो गेम की स्टोरी है!" दादीने जे उलट्या बाजूने म्हटले होते तेच हा सुलट्या बाजूने म्हणाला. मी रागावलो नाही. त्याला म्हटले, घरी जा, दादी-नानी असतील तर त्यांना तुझ्या गेमची गोष्ट सांग आणि मग त्या काय सांगतात ते लिहून आण. पंधरा दिवसांत बावीस मुलांनी काही ना काही लिहून आणले. कोणाकडे परीची गोष्ट होती, कोणाकडे बहात्तरच्या दुष्काळाची, कोणाकडे मोहरमच्या डोल्याची. एका मुलीच्या आजीने दास्तान नाही सांगितली, आपल्या लग्नात नदीला पूर आला आणि वरात काहिलीतून कशी आली ते सांगितले. तीही दास्तानच.

ती पाने मी माझ्या जुन्या वहीत लावून ठेवली आहेत. उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी. मध्ये थोडी कोरी पाने अजून शिल्लक आहेत. वाचकहो, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ आज संध्याकाळी थोडे बसा, आणि जे ऐकाल ते लिहून ठेवा.